वेगवान गाडीला जमीन कुठे अडवते?

तरंगलांबी:

स्वीडनमध्ये गोथेनबर्गहून दक्षिणेकडे माल्मोला जाणाऱ्या पश्चिम किनारा मार्गावर 1997 मध्ये एक्स-2000 ही गाडी ताशी 200 किलोमीटर वेगाने धावू लागली, आणि थोड्याच दिवसांत लेड्सगोर्ड या ठिकाणी मार्गाचा भराव, त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन आणि विजेच्या तारांचे खांब असे सगळेच अपेक्षेपेक्षा फार जास्त हलत असल्याचे लक्षात आले. गाडीत दोष नव्हता आणि रूळही नवे होते. भरावाखाली मात्र काही मीटर जाडीचा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला अतिशय मऊ गाळाचा थर होता. रेल्वे प्रशासनाने त्या टप्प्यावरचा वेग ताशी 130 वर आणला आणि मग एक सुंदर प्रयोग केला. तीच गाडी त्याच जागेवरून ताशी 10 किलोमीटरपासून 204 किलोमीटरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी पळवून भराव किती खाली-वर होतो हे मोजण्यात आले. मंद वेगात भराव जेवढा दबत होता, त्याच्या दुपटीहून अधिक हालचाल 200 च्या जवळ गेल्यावर होऊ लागली. एवढेच नव्हे, तर शेवटचा डबा निघून गेल्यावरही मागे जमीन काही क्षण डोलत राहत होती.

कारण समजायला अवघड नाही, पण ते एकदा नीट मांडायला हवे. गाडीचे ओझे जमिनीवर पडले की जमीन दबते, आणि ही दबण्याची बातमी जमिनीतून तरंगांच्या रूपाने पुढे जाते. पृष्ठभागालगत जाणाऱ्या या तरंगांना रॅले तरंग म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये त्यांचे गणित मांडले होते. त्यांचा वेग जमिनीच्या कर्तन तरंगांच्या, म्हणजे मातीला पुढे जाण्याच्या दिशेला आडवे हलवत जाणाऱ्या तरंगांच्या, वेगापेक्षा थोडासाच कमी असतो, आणि कर्तन तरंगांचा वेग जमीन किती ताठ आहे यावर ठरतो. खडकात तो सेकंदाला हजार मीटरच्या पुढे जातो, घट्ट वाळूत दोनशे ते तीनशे असतो, मऊ चिकणमातीत पन्नास ते शंभर, आणि कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या मातीत, म्हणजे पीटमध्ये, तो वीस-तीस-चाळीसवर येऊन ठेपतो. ताशी 300 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 83 मीटर हे ध्यानात ठेवले, तर गाडी आपल्याच ओझ्याच्या लाटेला कुठे गाठू शकते हे लगेच दिसते.

व्हिक्टर क्रायलोव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या मध्यातच, म्हणजे लेड्सगोर्डच्या आधी, असे होईल हे गणिताने दाखवले होते. जमिनीतल्या तरंगांपेक्षा गाडी वेगाने गेली, तर स्वनातीत विमानामागे जशी आघातलाट तयार होते तशी लाट जमिनीत तयार होईल असे त्यांचे प्रतिपादन होते.

वेगवान गाड्यांची चर्चा इंजिनाची शक्ती आणि नाकाडाचा आकार यांपाशी येऊन थांबते असे मला नेहमी जाणवते, म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.

अर्धवटराव:

लेख आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली अशी, की गाडीचे ओझे थेट मातीवर पडत नाही. मध्ये रूळ आहेत, स्लीपर आहेत, खडी आहे, भराव आहे. हे सगळे ओझे पसरवण्यासाठीच असताना नुसत्या मातीतल्या तरंगांचा वेग घेऊन बसणे कितपत बरोबर आहे? दुसरी शंका विमानाच्या उपमेबद्दल. विमान ध्वनीचा वेग ओलांडून पुढे सुखाने उडते. मग गाडीनेही ती मर्यादा झटकन ओलांडून पलीकडे जायला काय हरकत आहे?

तरंगलांबी:

अर्धवटराव, आपली पहिली शंका अगदी योग्य आहे. रूळ ही एक लांबच लांब तुळई आणि खालची जमीन म्हणजे स्प्रिंगांची गादी असे मानून केलेले गणित फार जुने आहे. त्या गणितात जो क्रांतिक वेग, म्हणजे ज्या वेगाला दबणे बेसुमार वाढते तो वेग, निघतो, तो चांगल्या घट्ट पायावर गाड्यांच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे अनेक दशके रेल्वे अभियंत्यांना हा विषय पुस्तकी वाटला आणि त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले, यात त्यांना दोष देता येत नाही. पण या स्प्रिंगांना स्वतःचे वजन नसते, म्हणून त्या लाट वाहून नेत नाहीत. खरी माती लाट वाहून नेते. म्हणून मऊ जमिनीवर हे जुने गणित फसते.

प्रत्यक्षात क्रांतिक वेग ना नुसत्या मातीचा असतो, ना नुसत्या रुळांचा. तो दोघांच्या एकत्रित वागण्याचा असतो. लेड्सगोर्डच्या मऊ थरात कर्तन तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे 40 मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आत होता. तरीही वरचा वाळलेला कठीण पापुद्रा, भराव आणि रूळ यांचा ताठपणा धरून काढलेला क्रांतिक वेग ताशी 235 किलोमीटरच्या आसपास आला. म्हणजे गाडीने ती मर्यादा ओलांडली नव्हती, ती नुसती जवळ गेली होती.

आणि जवळ जाणेच महाग पडते. तुळईच्या त्या जुन्या गणितातून मिळणारे प्रमाण येथे उपयोगी आहे. घर्षण वगैरे सोडून दिले, तर क्रांतिक वेगाच्या निम्म्या वेगाला जमिनीचे दबणे स्थिर ओझ्याच्या दबण्यापेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी वाढते, 70 टक्के वेगाला ते 40 टक्क्यांनी वाढते, आणि 90 टक्क्यांना ते सव्वादोन पटींच्या वर जाते. आलेख आधी आडवा चालतो आणि मग एकदम उभा होतो. म्हणून मार्गावरचा कमाल वेग क्रांतिक वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आत ठेवावा असा ठोकताळा वापरात आहे.

गंमत म्हणजे गाडीच्या डोक्यावरही हाच नियम चालतो. विजेच्या तारेत लाट किती वेगाने जाते हे तारेच्या ताणावर आणि वजनावर ठरते, आणि गाडीने तिच्या 70 टक्क्यांच्या आत राहावे अशी तेथेही मर्यादा आहे. 3 एप्रिल 2007 रोजी फ्रान्समध्ये ताशी 574.8 किलोमीटरचा विक्रम झाला, तेव्हा तारेचा ताण 25 किलोन्यूटनवरून 40 किलोन्यूटनपर्यंत वाढवला होता. दीडशे चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेसाठी हिशेब करून पाहिला, तर 25 किलोन्यूटनला लाटेचा वेग ताशी सुमारे 490 किलोमीटर येतो आणि 40 ला सुमारे 620. ताण वाढवला नसता तर गाडी तारेतल्या लाटेच्याही पुढे निघून गेली असती. फरक एवढाच, की तार एका रात्रीत ताणता येते. जमीन ताणता येत नाही.

दुसऱ्या शंकेबद्दल: विमानाला ध्वनीची मर्यादा ओलांडताना खालची हवा पुन्हा वापरायची नसते. गाडीमागून दुसरी गाडी त्याच खडीवरून यायची असते. शिवाय मार्गाखालची जमीन दर शंभर मीटरवर बदलते, त्यामुळे मर्यादाही बदलते. एखाद्या ठिकाणी आपण पलीकडे गेलो असे वाटेपर्यंत पुढच्या ठिकाणी नेमके क्रांतिक वेगावरच असू.

खडीफोड:

मी बरीच वर्षे रुळांच्या देखभालीच्या कामात आहे. वरचे सगळे विवेचन बरोबर आहे, पण वाचणाऱ्याचा असा समज होईल की वेगवान गाड्यांना अडवते ती मुख्यतः ही लाट. माझा अनुभव आणि जगभरची उदाहरणे काही वेगळे सांगतात. ज्या जागी जमिनीमुळे वेग कमी करावा लागतो, त्यांतल्या बहुतेक जागी कारण साधे असते: भराव खचतो. आणि तो सगळीकडे सारखा खचत नाही.

जपानची तोकाइदो शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाली तेव्हा ताशी 210 किलोमीटर धावू शकणारी गाडी होती, तरीही तोक्यो ते शिन-ओसाका प्रवासाला पहिले वर्षभर चार तास लावले जात होते. नवे भराव अजून बसायचे होते, हे त्याचे कारण. ते बसल्यावर, नोव्हेंबर 1965 पासून, तोच प्रवास 3 तास 10 मिनिटांवर आला. गाडी तीच आणि रूळही तेच. बदलली ती फक्त खालची माती, आणि तिला त्यासाठी वेळ हवा होता.

आता खडीऐवजी काँक्रीटच्या फरशीवर रूळ बसवण्याची पद्धत वाढली आहे. तिचे फायदे खूप आहेत, पण ती खचण्याच्या बाबतीत फार कमी क्षमाशील आहे. खडीचा मार्ग खचला तर टॅम्पिंग मशीन आणून रूळ उचलता येतात आणि स्लीपरखाली खडी दाबून भरता येते. फरशीचा मार्ग खचला तर रुळांच्या पकडीत जेवढी सोय ठेवलेली असते तेवढेच उचलता येते, आणि ती सोय मिलिमीटरांत मोजतात. म्हणूनच चीनच्या नियमांत अशा मार्गाखालचा भराव बांधकाम पूर्ण झाल्यावर एकंदर 15 मिलिमीटरहून अधिक खचू नये, आणि पूल व भराव यांच्या सांध्यावर दोहोंतला फरक 5 मिलिमीटरच्या आत राहावा, अशी अट आहे. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या निम्म्या जाडीहूनही कमी.

हा सांधा एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. पूल पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उभा असतो, तो हलत नाही. त्याला लागून असलेला भराव हळूहळू खाली जातो. रूळ ताठ असल्यामुळे तो लगेच खाली वाकत नाही, आणि त्याला टांगलेले तीन-चार स्लीपर खडीला न टेकता अधांतरी राहतात. उभ्याने पाहिले तर काही दिसत नाही. गाडी येण्याआधी सुरक्षित अंतरावर बसून रुळाच्या तळाशी नजर लावली, की प्रत्येक चाकाबरोबर ते स्लीपर खाली आपटताना आणि पुन्हा वर येताना दिसतात. काही महिन्यांत त्यांच्याभोवतीची खडी पांढरी होते, कारण दगडावर दगड घासून पीठ झालेले असते. पाऊस पडला की त्याच पिठाचा चिखल होऊन स्लीपरच्या कडेने वर उडतो. अशा ठिकाणी वेग वाढवला तर चाकाचा आदळ वाढतो, आदळ वाढला की खड्डा वाढतो, आणि खड्डा वाढला की आदळ आणखी वाढतो. एकदा एका कंत्राटदाराने अशाच सांध्यामागचा भराव ठरल्याप्रमाणे थराथराने न दाबता एकदम टाकला होता. तो भाग आम्ही पुढे तीन पावसाळे दर काही आठवड्यांनी पॅकिंग करत, म्हणजे स्लीपरखाली खडी दाबून भरत, राहिलो. तेथील वेगमर्यादेच्या पाटीवरचा रंग उडाला, पण पाटी काही निघाली नाही.

तरंगलांबी यांच्या लाटेला माझा विरोध नाही. पण लाट हा विरळा आजार आहे आणि खचणे हा रोजचा.

भूगर्भी:

खडीफोड यांच्याशी सहमत असूनही एक भर घालतो. खचणे आणि लाट यांशिवाय तिसरा एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत भयंकर आहे, कारण त्याला वेगाची मर्यादा लावून उपयोग होत नाही. तो म्हणजे जमिनीखालची पोकळी.

21 डिसेंबर 1993 रोजी उत्तर फ्रान्समध्ये आब्लँकूर-प्रेस्वार जवळ पॅरिसकडे निघालेली टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान गाडी ताशी 294 किलोमीटर वेगात असताना रुळांवरून घसरली. तो सोमचा प्रदेश, म्हणजे पहिल्या महायुद्धाची रणभूमी. त्या युद्धातले भूमिगत खोदकाम मार्गाच्या खाली राहून गेले होते, आणि जोरदार पावसानंतर ते ढासळून रुळांखाली खड्डा पडला. गाडीत सुमारे 200 प्रवासी होते आणि जीवितहानी झाली नाही. शेजारशेजारच्या डब्यांना एकच सामाईक बोगी (चाकांचा गाडा) असण्याच्या रचनेमुळे गाडी एकसंध आणि सरळ उभी राहिली, हे त्याचे मोठे कारण मानले जाते. पण जमिनीच्या बाजूने पाहिले, तर त्या मार्गाची माती ताठ होती, ती खचत नव्हती, लाटेचाही प्रश्न नव्हता, आणि तरीही खाली सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा खड्डा वाट पाहत होता. चुनखडी आणि जिप्सम यांच्या प्रदेशात असे खड्डे पाणी स्वतःच तयार करते, तेथे युद्धाचीही गरज नसते.

पाण्याचेच दुसरे रूप म्हणजे बर्फ. चीनमधला हार्बिन-दालियान मार्ग 1 डिसेंबर 2012 रोजी सुरू झाला, तेव्हा उन्हाळ्यात ताशी 300 आणि हिवाळ्यात ताशी 200 अशी दोन वेळापत्रके ठेवण्यात आली. त्या प्रदेशात मातीतले पाणी गोठते, गोठताना फुगते आणि भराव वर उचलते. वसंतात तेच वितळून भराव पुन्हा खाली बसतो. पुढे अनुभव आल्यावर हिवाळ्यातला वेगही वाढवण्यात आला, पण पहिल्या काही हिवाळ्यांत ही सावधगिरी मला शहाणपणाची वाटते.

तैवानमध्ये जमीन आणखी तिसऱ्याच रीतीने खाली गेली. तेथील वेगवान मार्ग 2007 च्या जानेवारीत सुरू झाला. त्याचा बराचसा भाग उंच पुलांवर आहे, आणि पुलांना खोल पाइल आहेत. पण युनलिन भागात सिंचनासाठी एवढ्या खोलवरून पाणी उपसले जात होते, की पाइल ज्या थरांत रुतलेले होते ते थरच दाबले जाऊ लागले. शेवटी 2011 मध्ये शासनाला मार्गाच्या आसपासच्या सुमारे हजार विहिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. पूल सगळाच सारखा खाली गेला तर गाडीला काही कळत नाही. शेजारशेजारचे दोन खांब वेगवेगळे खाली गेले, की मार्गाला कोन पडतो, आणि वेगवान गाडीला तो कोन सोसत नाही.

अर्धवटराव:

मग सगळा मार्ग पुलावरच का बांधू नये, आणि पाइल थेट खडकापर्यंत का नेऊ नयेत? आणि चाकेच नसलेली चुंबकीय गाडी वापरली तर हा सगळा प्रश्नच मिटणार नाही का?

तरंगलांबी:

चिनी अभियंत्यांनी बऱ्याच अंशी तेच केले आहे. बीजिंग-शांघाय मार्गावरचा डानयांग-कुन्शान पूल 164 किलोमीटरहून अधिक लांब आहे, आणि त्याच्याखाली एखादी प्रचंड नदी आहे असे नव्हे. खाली यांगत्सेच्या मुखाजवळचा मऊ गाळ, कालवे आणि भातखाचरे आहेत. नेदरलँड्समध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या वेगवान मार्गावर जमिनीलगतचा भागही पाइलवर टेकलेल्या काँक्रीटच्या फरशीवर बांधला आहे. दिसायला तो जमिनीवरचा मार्ग, पण वागायला जमिनीला चिकटून असलेला पूल. पीट आणि मऊ चिकणमाती यांच्यावर ताशी 300 किलोमीटरचा मार्ग टाकायचा, तर दुसरा उपाय फारसा उरत नाही.

पण पुलांचे स्वतःचे तरंग असतात, आणि येथे वेगाची एक नवीच मर्यादा निघते. प्रत्येक डब्याची चाके पुलाला ठरावीक अंतराने धक्के देतात. डब्याची लांबी 25 मीटर असेल आणि पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, सेकंदाला चार वेळा हलण्याच्या स्वभावाचा असेल, तर सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे ताशी 360 किलोमीटर वेगाला प्रत्येक डबा नेमक्या वेळी धक्का देतो आणि झोका वाढत जातो. पॅरिस-लिऑन मार्गावरच्या काही लहान पुलांवर अशा थरथरीमुळे खडी सैल होऊन वाहू लागल्याचा अनुभव आला, आणि त्यातून युरोपच्या नियमांत खडी असलेल्या पुलाच्या उभ्या त्वरणाला 3.5 मीटर प्रति सेकंद वर्ग अशी मर्यादा आली. गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाचा हा तिसरा हिस्सा झाला. याच्या सुमारे दुपटीला खडीचे दगड एकमेकांना धरून राहत नाहीत, म्हणून सुरक्षिततेसाठी मर्यादा निम्म्यावर ठेवली आहे.

चुंबकीय गाडीबद्दल मला वाटते, की तेथे चाक आणि रूळ यांचा आदळ जातो, पण वजन जात नाही. गाडी तरंगत असली तरी तिचे वजन तुळईवर, तुळईचे पाइलवर आणि पाइलचे जमिनीवरच येते. शांघायची चुंबकीय गाडी मऊ गाळावर उभी आहे, पण ती पाइलवरच्या तुळयांवर. ताशी 603 किलोमीटरचा विक्रम 2015 मध्ये करणाऱ्या जपानी गाडीचा तोक्यो-नागोया मार्ग सुमारे 86 टक्के बोगद्यात आहे. मातीशी भांडण टाळण्याचा हा सर्वांत महाग मार्ग.

सावली:

मी वाचनमात्र असते, पण एक साधी गोष्ट विचारते. जमिनीतल्या तरंगांचा वेग मोजतात कसा? आणि एवढे मोजता येत असताना लेड्सगोर्डला ते आधीच का कळले नाही?

भूगर्भी:

मोजणी सोपी आहे, सावली. जमिनीवर एका ओळीत, समजा दोन-दोन मीटरवर, चोवीस जिओफोन रोवतात. जिओफोन म्हणजे खिळ्यासारखे टोक असलेली, मुठीत मावणारी डबी. ती जमिनीची थरथर विजेच्या खुणेत बदलते. ओळीच्या एका टोकाला लोखंडी पत्रा ठेवतात आणि त्यावर मोठा घण घालतात. संगणकाच्या पडद्यावर चोवीस रेघा उमटतात आणि प्रत्येक रेघेवरची उसळी आधीच्या रेघेपेक्षा थोडी उशिरा येते. या उशिरावरून वेग काढतात.

खडकाळ जमिनीवर सगळ्या उसळ्या जवळजवळ एकदम येतात. मी दलदलीच्या एका जागी ही मोजणी केली, तेव्हा पडद्यावर आधी घणाचा आवाज उमटला. हवेतून गेलेला आवाज शेचाळीस मीटरवरच्या शेवटच्या जिओफोनला एका सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात पोहोचला, आणि जमिनीतून निघालेली लाट त्यानंतर जवळपास एका सेकंदाने आली. घण घालणारा माणूस घाम पुसून झाला तरी लाट अजून वाटेत होती, असे आम्ही थट्टेने म्हणत होतो. अशा जमिनीवर ताशी दोनशेने गाडी नेणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा पटले.

आता दुसरा प्रश्न. पारंपरिक भूतपासणी भराव तोलून धरील का आणि किती खचेल हे दोन प्रश्न विचारत असे. लाटेचा वेग हा प्रश्नच त्या यादीत नव्हता. आणि मोजला असता तरी एक फसगत झाली असती. घणाने जमीन अगदी सूक्ष्म अशी हलते. सूक्ष्म हालचालीत माती सर्वांत ताठ असते. जड गाडीखाली ती जास्त वाकते, आणि जास्त वाकली की माती मऊ पडते. म्हणजे घणाने काढलेला वेग हा मातीचा चांगल्या दिवसाचा वेग असतो. गाडीचा वेग वाढतो, तशी हालचाल वाढते, हालचालीने माती मऊ होते, आणि मर्यादाच गाडीकडे सरकत येते. लेड्सगोर्डच्या मोजणीवर नंतर जी गणिते बसवली गेली, त्यांत मातीचा ताठपणा गाडीच्या वेगाप्रमाणे कमी केल्यावरच आकडे जुळले. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

खडीफोड:

हे वाचून मला माझ्या आधीच्या प्रतिसादात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. मी लाट आणि खचणे यांना वेगळे आजार म्हटले होते. पण माती दर गाडीखाली जास्त वाकत असेल, तर ती लवकर थकेल, पाणी वर ढकलेल आणि खचेलही. म्हणजे क्रांतिक वेगाच्या बऱ्याच आत असताना जे वाढीव दबणे होते, ते देखभालीच्या नोंदवहीत खचणे म्हणूनच लिहिले जात असणार. एखाद्या टप्प्याला पुन्हा पुन्हा पॅकिंग लागते, आणि आम्ही खडीला दोष देत राहतो. अशा टप्प्यांवर घण आणि जिओफोन घेऊन जायला हवे, हे मान्य.

आणखी एक. जुने लोक मऊ जमिनीला घाबरत नव्हते असे नाही, ते तिच्याशी जमवून घेत होते. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग चॅट मॉस या दलदलीवरून नेताना जॉर्ज स्टीफन्सन यांनी झुडपे आणि फांद्यांच्या विणलेल्या ताट्या दलदलीवर अंथरून त्यांवर मार्ग अक्षरशः तरंगता ठेवला. 1830 साली सुरू झालेल्या त्या मार्गावरून गाड्या आजही जातात. पण तरंगता पाया ओझे पेलतो, लाट अडवत नाही. दोन गरजा वेगळ्या आहेत.

अर्धवटराव:

लेड्सगोर्डला शेवटी काय केले? आणि चालू मार्गावर, गाड्या बंद न करता, असे काही करता येते का?

तरंगलांबी:

लेड्सगोर्डला चुना आणि सिमेंट यांचे कोरडे मिश्रण यंत्राने थेट मऊ थरात घुसळून मातीचेच खांब तयार करण्यात आले. ही पद्धत स्वीडनमध्ये आधीपासून रुळलेली होती. तेथे ती खचणे कमी करण्यासाठी वापरत, येथे ती थराचा ताठपणा वाढवण्यासाठी वापरली. ताठपणा वाढला की तरंगांचा वेग वाढतो, पण तो वर्गमुळाने वाढतो, आणि येथेच खर्चाचा मुद्दा येतो. समजा मऊ चिकणमातीचे वस्तुमान घनमीटरला 1600 किलो आहे आणि तिचा कर्तन गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, 4 मेगापास्कल आहे, तर कर्तन तरंगांचा वेग सेकंदाला 50 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर येतो. हा वेग दुप्पट हवा असेल तर ताठपणा चौपट, म्हणजे 16 मेगापास्कल करावा लागतो. गाडीचा वेग दीडपट करायचा असेल, तर तेवढीच सुरक्षितता राखण्यासाठी जमीन सव्वादोन पट ताठ हवी.

मऊ थर उथळ असेल तर तो खणून काढून चांगला मुरूम भरणे सर्वांत सरळ. तो खोल असेल तर मातीचे खांब किंवा पाइल. वेळ हाताशी असेल तर आधीच जास्तीचा भराव चढवून पाणी पिळून काढणे, पण त्याने खचणे जेवढे आटोक्यात येते तेवढा ताठपणा वाढत नाही. चालू मार्गावर यांतले फार थोडे करता येते. रूळ उचलल्याशिवाय त्यांच्या नेमके खाली यंत्र पोहोचत नाही, आणि बाजूने केलेले खांब ओझ्याच्या वाटेत येत नाहीत. म्हणून नव्या वेगवान गाड्या जुन्या मार्गावर आणताना गाडीच्या क्षमतेआधी त्या मार्गाचे मऊ टप्पे मोजावेत, असे माझे मत आहे. शंभर किलोमीटरच्या मार्गात असे दोन किलोमीटर निघाले, तरी वेळापत्रक त्या दोन किलोमीटरांवर ठरते, कारण वेग कमी करून पुन्हा गाठायला दोन्ही बाजूंना बरेच अंतर जाते.

सावली:

शेवटचे एक विचारते. गाडीत बसलेल्या माणसाला यातले काही जाणवते का?

खडीफोड:

लाटेचे बहुधा नाही. दबलेला खळगा गाडीबरोबरच पुढे सरकत असतो आणि गाडी त्या खळग्यात बसूनच प्रवास करत असते, त्यामुळे तिला रूळ जवळजवळ सपाटच वाटतो. सांध्यावरचा आदळ मात्र जाणवतो. मऊ टप्प्यावर कडेला उभे राहिलात तर मागचे आपल्याला दिसेल: आत कोणाच्या हातातला पेला हिंदकळलेला नसतो, आणि गाडी निघून गेल्यावर बाहेर तारेचा खांब डोलत असतो.